सरकारी यंत्रणा चालवणं एवढं अवघड का जातं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकारी संस्थांच्या कारभाराबद्दल लिहिलं की ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही स्पर्धापरीक्षेची तयारी करणाऱ्यांचे, काही खात्यातच नोकरी करणाऱ्यांचे, बरेचसे वैतागलेल्या नागरिकांचे. ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो तिथे क्रमांक दिला आहे. उदाहरणं बहुतेक अशा देशांची आहेत जिथे चौकशीचे अहवाल उघडपणे छापले जातात. म्हणून त्याच देशांचा कारभार जास्त गचाळ, असा अर्थ कृपया काढू नये.

१. कंपनी चालते तसं सरकारी खातं का चालवता येत नाही?

कंपनीला तोट्यातलं गिऱ्हाईक सोडून देता येतं, खात्याला नाही. निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयाला 'किचकट प्रकरणं आम्ही घेत नाही' असं म्हणायची सोय नसते, उलट तीच त्याच्या वाट्याला येतात. कंपनीचं बरंवाईट शेवटी नफ्यातोट्यात दिसतं. अग्निशमन दलाचं यश कशात मोजायचं, विझवलेल्या आगींत की न लागलेल्या? त्यातून पैसा मंजूर करणार विधिमंडळ, माणसं देणार भरती मंडळ, खरेदीचे नियम ठरवणार वित्त विभाग, आणि जाब मात्र खातेप्रमुखाला.

हे सगळं खरं असलं तरी 'आमचं काम वेगळं आहे' ही सबब म्हणूनही सर्रास वापरली जाते. फोन न उचलण्याचा आणि लोकशाही प्रक्रियेचा काही संबंध नाही.

२. नेमकी आव्हानं कोणती? कुठे अधिकृत यादी आहे का?

आहे. अमेरिकेत २००० सालच्या एका कायद्यानुसार मोठ्या खात्यांचे महानिरीक्षक (खात्याच्या कारभाराची स्वतंत्र तपासणी करणारे अधिकारी) आपापल्या खात्यापुढची सर्वांत गंभीर व्यवस्थापकीय आव्हानं दरवर्षी लिहून देतात. खातेप्रमुखाला त्यावर आपलं म्हणणं मांडता येतं, पण मूळ मजकुरात फेरफार करता येत नाही. तिथल्या संसदेची लेखापरीक्षण संस्थाही १९९० पासून जोखमीच्या सरकारी कामांची यादी काढते. सायबर सुरक्षा १९९७ पासून आणि मनुष्यबळ २००१ पासून त्या यादीत ठाण मांडून बसले आहेत.

अशा याद्या चाळल्या की तेच तेच विषय भेटतात: माणसांची कमतरता, जुनाट संगणकप्रणाली, कंत्राटं, चुकीची देयकं, विभागाविभागांतला विसंवाद. माझ्या मते यातल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच दुखणं आहे. खाली कळलेली वाईट बातमी वेळेत वर पोचत नाही. ते प्रश्न ४ मध्ये पाहू.

३. खरं सांगा, कर्मचारी कामचुकार असतात हेच मूळ कारण नाही का?

असतात काही. ते कुठे नसतात? पण खाली येणाऱ्या मोठ्या फजित्यांपैकी एकही कोणी टेबलावर डुलक्या काढल्याने झालेली नाही. बहुतेक ठिकाणी माणसं रात्रीचा दिवस करून चुकीच्या दिशेने राबत होती.

४. गडबड आहे हे खालच्यांना आधीच माहीत असतं म्हणतात. मग वरच्यांना का कळत नाही?

कारण प्रत्येक पायरीवर ती बातमी थोडी मवाळ होत जाते. कनिष्ठ अभियंता लिहितो, 'हे चालणार नाही.' त्याचा वरिष्ठ लिहितो, 'काही अडचणी आहेत.' त्याच्या वरचा लिहितो, 'अडचणींवर काम सुरू आहे.' मंत्र्यांपुढच्या सादरीकरणात त्या ओळीला हिरवा रंग येतो. यात सरळ खोटं असं कोणीच बोललेलं नसतं, म्हणून नंतर खापर फोडायलाही कोणी सापडत नाही.

कॅनडाच्या केंद्र सरकारची 'फिनिक्स' पगारप्रणाली याचा धडाच आहे. २००९ मध्ये तिच्यासाठी १५.५ कोटी डॉलर मंजूर झाले. २०१२ मध्ये प्रणाली बनवणाऱ्या कंपनीने सांगितलं, २७.४ कोटी लागतील. प्रकल्प सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांनी वाढीव पैसे मागितले नाहीत की मुदत वाढवून घेतली नाही. त्यांनी प्रणालीतली कामंच कापली. मागील थकबाकीचा पगार काढण्याची सोयही त्यात गेली. प्रायोगिक चाचणी रद्द झाली. नवी प्रणाली माणसांचं काम करणारच आहे असं धरून पगाराचे जाणकार कर्मचारी आधीच कमी केले होते. २०१६ मध्ये ती सुरू झाली आणि कोणाला कमी पगार, कोणाला जास्त, कोणाला काहीच नाही. २०१८ मध्ये तिथल्या महालेखापरीक्षकांनी या प्रकाराला 'अनाकलनीय अपयश' म्हटलं. मला त्यात अनाकलनीय काही दिसत नाही. वरून पैसे आणि तारीख दोन्ही पक्की करून दिली आणि 'जमणार नाही' म्हणणाऱ्याची किंमत शून्य ठेवली, तर याहून वेगळं काय होणार?

कधी याची किंमत जिवाने मोजावी लागते. २८ जानेवारी १९८६ ला 'चॅलेंजर' अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि सात जण गेले. कडाक्याच्या थंडीत रॉकेटच्या जोडातल्या रबरी कड्या दगा देतील, उड्डाण नको, असं रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते आदल्या रात्री सांगत होते. चौकशी आयोगाला आढळलं की हा सल्ला उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांपर्यंत गेलाच नव्हता.

५. मग लोकांनी बोलावं म्हणून करायचं काय? 'दार उघडं आहे' असे फलक तर सगळीकडे लागतात.

फलकाने काही होत नाही. सांगणाऱ्याचं नुकसान होणार नाही, अशी व्यवस्था लागते. अमेरिकेतल्या हवाई वाहतुकीत ती १९७६ पासून आहे. वैमानिक किंवा हवाई नियंत्रक आपल्या हातून झालेली चूक लिहून कळवतो. अहवाल जातो नासाकडे, कारवाईचे अधिकार असलेल्या नियामकाकडे नाही. नासा नाव-गाव काढून टाकते आणि उरलेला मजकूर सर्वांना वाचायला ठेवते. जाणूनबुजून केलेली चूक नसेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर सहसा दंडातूनही सूट मिळते. गुन्हा किंवा अपघात मात्र या संरक्षणात बसत नाही.

यातली मेख अशी की ऐकणारा आणि शिक्षा करणारा वेगळे ठेवले आहेत. बहुतेक खात्यांत तक्रारीची पेटी ज्याच्या दालनाबाहेर असते, गोपनीय अहवालही तोच लिहितो.

६. एवढा पैसा ओतूनही सरकारी सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी का झोपतं?

कारण बऱ्याचदा ते एकाच दिवशी, सगळं एकदम, सगळ्यांसाठी सुरू केलं जातं. अमेरिकेचं आरोग्य विम्याचं संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ ला खुलं झालं. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण करू शकले ते सहा जण. डझनावारी कंत्राटदार होते, पण सगळ्यांचं काम एकत्र जुळवण्याची जबाबदारी ठामपणे कोणाकडेच नव्हती. धोक्याचे इशारे काही महिने आधीच दिले गेले होते (पुन्हा प्रश्न ४). नंतर छोट्या तुकडीने रोज बसून एकेक दोष काढला आणि दोनेक महिन्यांत ते बऱ्यापैकी चालू लागलं.

एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेचा अनुभवही तसाच. गुन्ह्यांच्या नस्त्या संगणकावर आणण्याचा त्यांचा प्रकल्प सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये गुंडाळावा लागला. पुढचा प्रकल्पही रखडला, तेव्हा २०१० मध्ये त्यांनी तो कंत्राटदाराकडून स्वतःच्या हातात घेतला, छोट्या छोट्या टप्प्यांत बांधला, आणि २०१२ मध्ये तो सुरू झाला. टप्प्याटप्प्याने जायला निविदेचे नियम आडवे येतात हे मान्य. सगळ्या अपेक्षा पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घेणारी निविदा तपासायला सोपी असते, वापरायला नाही.

७. जुनी प्रणाली सरळ फेकून का देत नाहीत?

कारण ती चालते. १९६०-७० च्या दशकांत कोबॉल या संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या आज्ञावल्या आजही कर आणि भत्त्यांचे हिशेब करतात. अर्ध्या शतकातली प्रत्येक दुरुस्ती आणि अपवाद त्यांत मुरलेले असतात, आणि ते दुसरीकडे कुठेही लिहून ठेवलेले नसतात. एप्रिल २०२० मध्ये बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबॉल जाणणारे स्वयंसेवक हवेत असं जाहीर आवाहन करावं लागलं. अमेरिकी केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञानावरच्या सुमारे ९० अब्ज डॉलर वार्षिक खर्चातला जवळपास ८० टक्के भाग जुनं चालू ठेवण्यातच जातो, असं तिथल्या लेखापरीक्षकांनी २०१९ मध्ये नोंदवलं होतं.

जुनी प्रणाली आणि टाळलेली देखभाल या मात्र दोन वेगळ्या गोष्टी. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या सायबर हल्ल्याने इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतले २३६ पैकी किमान ८० रुग्णालयसमूह विस्कळीत झाले. त्यावरचा उपाय मार्चमध्येच उपलब्ध झाला होता आणि तो बसवा असं रुग्णालयांना कळवलंही होतं. बसवला की नाही, हे मात्र कोणी तपासलं नाही.

८. आर्थिक वर्ष संपत आलं की अचानक खरेदी का सुटते?

न खर्चलेला निधी परत जातो म्हणून. शिवाय 'गेल्या वर्षी उरले होते ना?' म्हणत पुढच्या वर्षीची तरतूद कापली जाते ती वेगळीच. अमेरिकी केंद्रीय खरेदीच्या एका अभ्यासात वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातला खर्च इतर आठवड्यांच्या सरासरीच्या ४.९ पट निघाला, आणि त्या आठवड्यात दिलेल्या संगणक-प्रकल्पांचा दर्जाही कमी आढळला. तिथल्या न्याय विभागाला उरलेला काही निधी पुढे नेण्याची मुभा आहे. त्याच्याकडे दर्जाची ही घसरण दिसली नाही.

बंधन घालण्याचा मार्गही काही देश वापरतात. भारताच्या केंद्र सरकारने शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि मार्चमध्ये १५ टक्के अशी खर्चाची मर्यादा आखली आहे. मला पुढे नेण्याची मुभा जास्त पटते. मर्यादेने खर्चाची तारीख अलीकडे येते, पण उधळण्याचं कारण जागेवरच राहतं.

९. उद्दिष्टं ठरवून दिली, आकडे मोजले, की काम सुधारतं ना?

सुधारतं, आणि बिघडतंही. इंग्लंडमध्ये तातडीच्या विभागातल्या रुग्णाचा चार तासांत निकाल लागावा असं उद्दिष्ट २००४ च्या सुमारास लागू झालं. ताटकळणं खरोखर कमी झालं, हे नाकारता येणार नाही. पण रुग्ण बाहेर पडण्याच्या वेळांचा आलेख काढला तर चौथा तास संपण्याच्या अगदी आधीच्या मिनिटांत एक उंच सुळका दिसतो. आजार काही घड्याळ बघून बरे होत नाहीत.

अमेरिकेत माजी सैनिकांना १४ दिवसांत डॉक्टरांची वेळ मिळावी असं उद्दिष्ट होतं. ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात (वरच्या पगारप्रणालीशी या नावाचा संबंध नाही) तपासणीत आढळलं की १,७०० माजी सैनिक वाट पाहत होते, पण अधिकृत प्रतीक्षायादीत त्यांचं नावच नव्हतं. यादीत नाव नाही, म्हणजे विलंबही नाही. मे २०१४ मध्ये त्या खात्याच्या मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला.

आकडे मोजायला हरकत नाही. पण ज्या आकड्यावर माणसाची बढती अवलंबून आहे तो त्याच्याच हाताने भरून घेऊ नये, आणि एकाच आकड्यावर सगळं तोलू नये.

१०. पदं रिकामी, आणि बाहेर बेरोजगारांच्या रांगा. हे कसं काय?

वशिलेबाजी रोखायला जी भिंत बांधली तीच आता वाट अडवते. ब्रिटनमध्ये परीक्षेद्वारे भरतीची शिफारस १८५४ च्या अहवालाने केली. अमेरिकेत पद न मिळाल्याने चिडलेल्या एका माणसाने १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली, त्यानंतर १८८३ मध्ये गुणवत्तेवर भरतीचा कायदा आला. ही भिंत पाडा असं कोणी म्हणू नये. पण जाहिरात, छाननी, परीक्षा, पडताळणी यांत महिनोन्‌महिने जातात, तोवर चांगला उमेदवार दुसरीकडे रुजू होतो. मग एकाच अधिकाऱ्याकडे दोन-तीन पदांचा अतिरिक्त कार्यभार येतो. सह्या होतात, लक्ष कशावरच राहत नाही.

११. काम बाहेरच्या कंपनीला दिलं की जबाबदारीही तिची, बरोबर?

नाही. काम देता येतं, उत्तरदायित्व देता येत नाही. त्याहून मोठा धोका असा की कंत्राटदाराचं काम तपासू शकेल असं खात्यात कोणी उरतच नाही.

ब्रिटनचं टपाल कार्यालय सरकारी मालकीचं, त्याची 'होरायझन' हिशेबप्रणाली फुजित्सू या कंपनीने बांधलेली. १९९९ पासून तिच्यात शाखाचालकांच्या हिशेबात न झालेली तूट दिसू लागली. करारानुसार ती त्यांनीच भरायची. मदतीसाठी फोन केला की 'अशी अडचण फक्त तुम्हालाच येते आहे' असं ऐकवल्याचं अनेकांनी पुढे सांगितलं. दीड दशकात ९०० हून अधिक लोकांना चोरी, अफरातफर आणि खोट्या हिशेबाबद्दल दोषी ठरवलं गेलं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणाली सदोष असल्याचा निकाल दिला, आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. शेकडो प्रामाणिक माणसं एकाच वेळी चोर कशी झाली, हा प्रश्न आत कोणी विचारला असता तर? प्रश्न ४ पुन्हा वाचा.

१२. संगणकाने निर्णय दिला तर निदान पक्षपात तरी टळेल ना?

नियम चुकीचा असेल तर तीच चूक लाखो वेळा, एका सुरात होईल. ऑस्ट्रेलियातल्या 'रोबोडेट' योजनेत भत्ता घेणाऱ्यांचं वर्षाचं उत्पन्न सरळ २६ पंधरवड्यांत विभागलं जायचं. समजा एखाद्याने पहिले सहा महिने नोकरी करून २६,००० डॉलर मिळवले, मग नोकरी गेली आणि उरलेले सहा महिने भत्ता घेतला. सरासरीच्या हिशेबाने तो वर्षभर दर पंधरवड्याला १,००० डॉलर मिळवत होता, म्हणजे भत्ता 'लबाडीने' घेतला. घरी वसुलीची नोटीस. भत्ता चुकीने घेतला नाही हे सिद्ध करायचं त्याने, जुन्या पगारपावत्या शोधून. योजनेला कायद्याचा आधार नाही असा अंतर्गत सल्ला २०१४ मध्येच मिळाला होता. २०२० मध्ये सरकारने सुमारे ४,७०,००० वसुल्यांचे ७२.१ कोटी डॉलर परत करायचं जाहीर केलं.

नेदरलँड्समध्ये पाळणाघर-अनुदानात हजारो पालकांवर लबाडीचा ठपका आला. जोखीम ठरवताना नागरिकत्वही विचारात घेतलं जात होतं. आतल्या एका विधिज्ञाने २०१७ मध्ये लेखी इशारा दिला, तो बाजूला पडला. जानेवारी २०२१ मध्ये सरकार पायउतार झालं.

१३. 'अयोग्य प्रदान' (नियमाप्रमाणे न झालेली सरकारी देयकं) अब्जावधींचं, असं बातमीत येतं. म्हणजे तेवढा भ्रष्टाचार?

नाही. अमेरिकेत २०२३ या आर्थिक वर्षात हा अंदाज सुमारे २३६ अब्ज डॉलर होता. त्यात लबाडी आहे, पण हिशेबाची चूक, कमी दिलेली रक्कम आणि कागद अपुरा असलेली योग्य देयकंही आहेत. उलट पकडली न गेलेली लबाडी या आकड्यात असेलच असं नाही. बातमी वाचताना दोन्ही लक्षात ठेवा.

१४. लेखापरीक्षणाच्या धाकाने अधिकारी निर्णयच घेत नाहीत. मग ते सैल करावं का?

तक्रार खरी आहे. घेतलेल्या निर्णयावर आक्षेप निघतो, न घेतलेल्या निर्णयावर सहसा निघत नाही. म्हणून फाइल 'अभिप्रायासाठी' फिरत राहते आणि घोंगडं भिजत पडतं. पण सैल करणं हा उपाय नव्हे. विलंबालाही आक्षेपाच्या रकान्यात आणावं, आणि निर्णय फसला तरी त्या वेळी हाती असलेल्या माहितीवर तो वाजवी होता का, एवढंच तपासावं. त्यासाठी अधिकाऱ्यानेही फाइलवर कारण लिहायला हवं. 'चर्चेनुसार' ही टिपणी कोणालाच वाचवत नाही.

१५. एकच कागद पाच खात्यांना का द्यावा लागतो?

प्रत्येक खातं आपली माहिती आपल्या कपाटात ठेवतं म्हणून. एस्टोनियात २००१ पासून 'एक्स-रोड' ही देवाणघेवाणीची यंत्रणा आहे. माहिती मूळ खात्याकडेच राहते, इतर खाती गरजेपुरती विचारतात. जोडीला आपली माहिती कोणी पाहिली याची नोंद नागरिकाला बघता येते. ही दुसरी बाजू सोडून फक्त जोडणी केली, तर सोयीपेक्षा पाळतीची भीती मोठी. एकाच कोठारात सगळं ठेवण्याचा धोका वेगळाच: २०१५ मध्ये अमेरिकेच्या कार्मिक कार्यालयातून २.१५ कोटी लोकांच्या पार्श्वभूमी-तपासणीच्या नोंदी चोरीला गेल्याचं उघड झालं, बोटांच्या ठशांसकट. परवलीचा शब्द बदलता येतो, ठसे बदलता येत नाहीत.

१६. आणीबाणीत नियम बाजूला ठेवले तर चालतं का?

निविदा टाळणं बहुतेक कायद्यांना मान्य असतं. निवडीचं कारण न लिहिणं मान्य नसतं. कोविडच्या काळात ब्रिटनमध्ये मंत्री, खासदार आणि अधिकाऱ्यांकडून नाव आलेल्या, संरक्षक साहित्याच्या पुरवठादारांसाठी वेगळी जलद वाट ठेवली होती. तिथून आलेल्या ४९३ पैकी ४७ जणांना कंत्राट मिळालं, तर सर्वसाधारण वाटेने आलेल्या १४,८९२ पैकी १०४ जणांना. जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ही जलद वाट बेकायदा ठरवली. पुरवठा घाईत हवा होता याबद्दल वाद नव्हता. अमुक पुरवठादार आधी का तपासला, याचं समान मोजमाप नव्हतं.

१७. बाहेरून एखाद्या खात्याचा कारभार कसा जोखायचा?

वार्षिक अहवालातली छायाचित्रं ओलांडून मागच्या पानांकडे जा. गेल्या वर्षीचे किती लेखाआक्षेप अजून खुले आहेत? मंजूर पदांपैकी किती भरलेली? खातेप्रमुख पाच वर्षांत किती वेळा बदलले? गेल्या वर्षी जाहीर केलेलं उद्दिष्ट यंदा गुपचूप गाळलं तर नाही? आणि अहवालात फसलेल्या एखाद्या तरी कामाचा उल्लेख आहे का, तेही पहा. एकही नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करताना सुरुवात तिथून करा.